पडद्याआडचा मेव्हणा

“गाडी बाजूला घ्या. मशीन दाखवा.”

तपासनीस ट्रकच्या पायरीवर चढला आणि ड्रायव्हरने मशीनकडे बोट दाखवलं. कोण किती तास चालवतो हे टिपणाऱ्या त्या मशीनमध्ये दोन कार्डं होती, एक त्याचं, एक मेव्हण्याचं. मशीनच्या मते दुपारपर्यंत मेव्हण्याने ट्रक चालवला होता आणि आता तो सीटमागच्या पडद्याआड झोपला होता. मेव्हण्याने खरं तर या धंद्याला केव्हाच रामराम ठोकला होता. मागे राहिलं होतं त्याचं कार्ड, आणि पडद्याआड पांघरूण घातलेल्या दोन उशा.

पहाटेपासून ड्रायव्हर एकटाच स्टिअरिंगला चिकटून होता. झोप येऊ नये म्हणून तो उशांशीच गप्पा मारत होता. “मेव्हणे, मघाशी डोळा लागला बरं का,” हेही त्याने सांगून टाकलं होतं. “एकदाच. तुमच्या बहिणीला सांगू नका.”

ती बहीण म्हणजे त्याची बायको. काल तिने विचारलं होतं, “अहो, तुम्ही झोपता तरी कधी?”

“तुझा भाऊ चालवतो तेव्हा.”

ती पाठ फिरवून आत गेली. पहाटे निघताना घरातही दिसली नाही. रुसून शेजारी गेली असेल, म्हणून त्याने हाक मारली नाही. आता परवाना गेला तर तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

“दुसरे ड्रायव्हर कुठायत?” तपासनीसाने विचारलं.

“झोपलेत, साहेब. झोपमोड झाली की फार चिडतात.”

“चिडू देत. परवा याच रस्त्यावर एकजण झोपेत पुलावरून खाली गेला. त्याच्याही मशीनमध्ये सगळं ठीक होतं.”

तपासनीसाने पडदा सरकवला. ड्रायव्हरने डोळे गच्च मिटले.

मग पडदा परत ओढल्याचा आवाज झाला.

“इथे कोणीही झोपलेलं नाही,” तपासनीस म्हणाला.

“चूक झाली, साहेब. एवढ्या वेळेस पदरात घ्या.”

“माझी माफी नंतर मागा.” तपासनीसाने ट्रकची किल्ली काढून खिशात टाकली आणि तो खाली उतरला.

ड्रायव्हर डोकं धरून बसला. तेवढ्यात पडद्याआडून बायकोचा आवाज आला.

“अहो, एकदाच नाही लागला डोळा. मी पहाटेपासून जागी आहे.”