सासऱ्यांची प्रवाळं

गावाला गेलेले सासरे परत येईपर्यंत त्यांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतली प्रवाळं जगवली, तर जावयाला लग्नानंतरची पहिली शाबासकी मिळणार होती. त्यातलं एक प्रवाळ सडायला लागलं. रोग बाकीच्यांना लागू नये म्हणून त्याने ते दगडासकट बाहेर काढलं, बाळाची बाटली उकळतात तसं पातेल्यात उकळायला टाकलं आणि प्रवाळं विकणाऱ्या दुकानदाराला हे सांगायला ऐटीत फोन लावला.

"उकळताय?" दुकानदार किंचाळला. "अहो, विष असतं त्यात! वाफेने जीव जाईल. आधी बाहेर पळा!"

"मी गॅलरीतच आहे," जावई म्हणाला. "वास सोसेना, म्हणून पातेल्यापाशी बायकोला उभं केलंय."

त्याने आत हाक मारली. एरवी एका हाकेला दोन टोमणे हाणणाऱ्या बायकोने ओ दिली नाही.