घशाच्या तळातले आवाज

छपरावर पुजलेला पांढरा दगड रस्त्यात येऊन पडला होता. मक्याच्या कणसांची माळ उरलेल्या एका खांबाला लटकत होती. भूकंपाला सहा तास झाले होते. बचाव पथकाचं केशरी यंत्र घराच्या ढिगाऱ्याला कान लावून बसलं होतं.

"दगड घासल्याचा आवाज," यंत्र म्हणालं. "माणूस नाही."

"ती माझी आई आहे!" लान्यू ओरडली. "मला हाक मारतेय. बहिरं आहे का हे तुमचं यंत्र, साहेब?"

बचाव पथकाच्या फानने तिला यंत्राचा पडदा दाखवला. "ताई, यादीतल्या भाषांचेच आवाज ते माणसाचे धरतं. छियांग लोकांच्या भाषांच्या यादीत तुमच्या खोऱ्याची भाषा वेगळी नाही, खालच्या खोऱ्यातल्या भाषेतच धरलीय. तिच्यात हे घशाच्या तळातले आवाज नाहीत. यंत्राने होकार दिल्याशिवाय मला खणायला माणसं मिळत नाहीत."

लान्यू ढिगाऱ्यावर पालथी पडली. "आई, शहरातल्यासारखं बोल! माझ्यासारखं बोल गं!"

खालून आईने उत्तर दिलं, तिला येत होतं तसंच, घसा खरवडत.

"दगड," यंत्र म्हणालं आणि पुढच्या गावाकडे वळलं. फान चार पावलं त्याच्यामागे गेला, मग परत येऊन लान्यूशेजारी हातांनीच दगड उपसू लागला. आवाज बारीक होत चालला होता.

वसंतात त्या यादीसाठी आवाजांचे नमुने घ्यायला माणसं आली, तेव्हा आईचं खरखरीत बोलणं त्यांच्या कानावर पडू नये म्हणून लान्यूने तिला आत बसवलं होतं आणि साऱ्या खोऱ्याचा नमुना स्वतःच्या शहरी वळणाच्या आवाजात दिला होता.