डावीकडे जाणारी रायफल

क्षिप्राने पाचवा छर्रा मारला, रायफल तांदळाच्या गोणीवर टेकवली आणि ठरल्याप्रमाणे तोंड पाडलं.

रायफल विकायला काढलेले नजीबभाई पडवीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन निशाणाचा कागद काढून घेऊन आले. पाचही छर्रे शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत घुसले होते. फक्त ती जागा मधल्या काळ्या गोलाच्या जरा डावीकडे होती.

तिच्या बापाला, दिलीपला, कळायचं ते कळलं. खारघरहून येताना रिक्षात क्षिप्राने त्याला नीट समजावलं होतं. छर्रे इकडेतिकडे पसरले तर रायफल बाद. एकाच जागी पडले तर सोनं. कडेला जात असतील तर नेम धरायच्या मागच्या साइटचा स्क्रू फिरवला की काम झालं. नेमबाजीच्या रेंजवरची एकच रायफल चौघींत फिरायची, निवड चाचणी तोंडावर आली होती, आणि नवी घ्यायची दिलीपची ऐपत नव्हती. अशी चीज या भावात दुसरीकडे मिळणं शक्यच नव्हतं.

पण दिलीपने उभ्या आयुष्यात एकही जुनी वस्तू नावं ठेवल्याशिवाय घेतली नव्हती. घरातला फ्रिज, सोफा, घराखाली उभी असलेली स्कूटर, सगळं असंच आलेलं. त्याच्या घरचा नियमच होता, वस्तू आवडली की सगळ्यांनी तोंडं पाडायची आणि बोलायचं फक्त बापाने.

"डावीकडे चाललीय," कागद उजेडात धरून तो म्हणाला. "सगळेच्या सगळे. नळी गेलीय हिची, नजीबभाई. आम्ही बऱ्याच पाहिल्यात, आता कळतं. मारणारा कितीही चांगला असू दे, ही काही मधे लागायची नाही."

आता समोरच्याने 'अहो, असं कसं' म्हणायचं, आपण निघायला उठायचं, मग त्याने हात धरून बसवायचं. दिलीप वाट बघत राहिला.

नजीबभाईंचं नावड्यात धान्याचं दुकान. तांदूळ नुसत्या वासावरून ओळखतील, पण रायफलीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी कागद हातात घेतला आणि दारात उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे पाहिलं.

"आफरीन, ऐकलंस? रायफलच खराब हाय."

मग ते दिलीपकडे वळले. "गेल्या साली स्टेटला हिचं सिलेक्शन हुकलं. मी काय काय बोललो हिला! ध्यान नाय तुजं, पैसा पान्यात घातलास माजा. त्या दिवसापासून पोरीने या रायफलीला हात लावला नाय. आनि दोष रायफलीचा!" कागद तिच्या हातात देऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं माजं, बेटा."

आफरीनचे डोळे भरून आले.

दिलीपच्या तोंडचं पाणी पळालं. नजीबभाई रायफल पेटीत ठेवून कडी लावत होते. "नाय देत मी ही. माज्या पोरीचं झालं, तेच तुमच्या पोरीचं व्हायचं."

क्षिप्राने बापाकडे पाहिलं. शिकवल्याप्रमाणे ती अजूनही गप्पच होती, पण तिने त्याची बाही ओढली.

"तसं नाही हो," दिलीप चाचरला आणि त्याने पैशांचं पाकीट पुढे केलं. "शिकायला चालेल आम्हाला."

"चालेल? मग अशीच न्या." नजीबभाईंनी पेटी त्याच्यापुढे सरकवली. ते पाकीट मात्र त्यांनी त्याच्या खिशात परत कोंबलं. "खराब मालाचा पैसा आमच्या घरात नको."

दिलीपला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याहून लाज वाटली ती याची, की पाकीट खिशात परत आलं तेव्हा क्षणभर त्याला बरंही वाटलं होतं.

"नजीबभाई," त्याने धीर केला. "खरं सांगू का, ती रायफल..."

"खराबच आहे, काका," आफरीन घाईघाईने मधे बोलली. "मला तेव्हाच वाटत होतं."

ती सरळ त्याच्याकडे बघत होती. स्टेटपर्यंत गेलेली पोर ती, हातातल्या त्या कागदावरचं एकच भोक तिला वाचता येत नव्हतं थोडंच? तिने कागदाची घडी घातली, आणखी एक घातली आणि मुठीत दाबून धरली. तिच्या नजरेतली विनवणी दिलीपला कळली. पुढचं वाक्य त्याने गिळलं.

गेटपर्यंत ती सोडायला आली. छर्ऱ्यांची डबी क्षिप्राच्या हातात देताना हळूच म्हणाली, "साइट जराशी उजवीकडे घे, बस. एकदम मस्त रायफल आहे. त्या दिवशी हात माझाच हलला होता." मग दिलीपकडे न बघता म्हणाली, "अब्बांना नका सांगू, काका. वर्षभराने आज नीट बोलले माझ्याशी."

दिलीपने मान हलवली. पेटी उचलून तो रिक्षात बसला. क्षिप्रा शेजारी बसली ती पार कडेला, दोघांच्या मधे आणखी एक माणूस मावेल इतकी जागा सोडून.

रिक्षा सुरू झाली तसे नजीबभाई लगबगीने पडवीतून खाली उतरले आणि हात उंच करून ओरडले, "बरं झालं तुमी आलात, साहेब! तोंडावर खरं सांगनारा मानूस मिळत नाय आजकाल!"