आम्हाला पोटात दुखतंय

"मॅडम, आम्हाला तीन दिवसांपासून पोटात दुखतंय," मी म्हणालो. शेजारी माझी आठ वर्षांची चैताली बसली होती. "जेवणही जात नाही आम्हाला. आणि इंजेक्शनला आम्ही फार घाबरतो."

डॉक्टर मॅडमनी तिच्याकडे बघून आणखी तीन प्रश्न विचारले. तिन्हींची उत्तरं मीच दिली. अंबडच्या कंपनीत हाफ डे टाकून आलो होतो, वेळ कशाला घालवायचा?

"बरं, झोपा," मॅडम मला म्हणाल्या.

मला वाटलं, गंमत करताहेत. पण नर्सने माझे बूट काढायला लावले. मी तपासायच्या टेबलावर आडवा झालो. जीभ दाखवा म्हणाल्या, दाखवली. दवाखान्यात माणूस नाही म्हणत नाही.

मग त्या चैतालीकडे वळल्या. "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"मुलगी." ती एकदम ताठ बसली.

"मग खरं सांगा ताई, पेशंटचं पोट तीनच दिवस दुखतंय?"

"नाही. गणपती बसले तेव्हापासून. आता दिवाळीची सुट्टीपण संपली."

"एवढे दिवस? घरात कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. दोनदा." चैतालीने टेबलावरच्या माझ्याकडे बोट केलं. "पेशंट म्हणाले, आपल्याला काही झालेलं नाही."

माझी जीभ अजून बाहेरच होती. ती आत घ्यायला मला तोंड उरलं नव्हतं.