साखर उतरली की

जन्मापासूनच त्याच्या अंगात इन्सुलिन जास्त तयार व्हायचं. त्यामुळे रक्तातली साखर एकदम उतरायची, त्याचं भान सुटायचं आणि बायकोवर हात उठायचा. ओठ फाटलेला असला तरी ती आधी त्याला ग्लुकोज पाजायची. "तो नाही गं मारत, त्याची साखर मारते," सासूबाई तिची समजूत घालायच्या.

मग डॉक्टरांनी इन्सुलिन कमी करणारं पेप्टाइडचं नवं इंजेक्शन सुरू केलं. साखर जागेवर राहू लागली आणि सगळं घर निर्धास्त झालं.

आज तिला त्याचा फोन उचलायला जरा उशीर झाला. घरी येताच त्याने तिचे केस धरले आणि डोकं ओट्यावर आपटलं. भुवईतून रक्त गळत असतानाही तिने सवयीने साखर तपासायचं यंत्र काढलं. त्यानेही सवयीने बोट पुढे केलं.

एकशेचार. अगदी नॉर्मल.

सासूबाई साखरेचं पाणी घेऊन धावत आल्या. तिने तो आकडा त्यांना दाखवला. त्यांनी पेला ओट्यावर ठेवला आणि त्या दोघांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"तू निघ, पोरी," त्या म्हणाल्या. "याच्या बापाला तर कसलाच आजार नव्हता."