जुडून नाई राह्यलं

"अजी, आजही नागपूरशी जुडून नाई राह्यलं," सत्यशीला कॉम्प्युटरसमोरून नवऱ्याला म्हणाली.

"लाइनच तशी आहे धानोऱ्याची. मी काय करू?" नागसेन खाटेवरून बोलला आणि तोंड फिरवून हसला.

जुडेल कसं? फाइली पाठवायचा रस्ता त्यानंच कॉम्प्युटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे आत-बाहेरची ये-जा अडवणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद करून ठेवला होता.

गावोगावच्या म्हाताऱ्यांची गोंडी गाणी सत्यशीला रेकॉर्ड करायची आणि नागपूरच्या अतुल सरांकडे पाठवायची. काम चांगलं होतं. पण चहा पिताना अतुल सर, भाजी निवडताना अतुल सर! ऐकून नागसेनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या सरांनी तिला नागपूरलाच नोकरीला बोलावलं, तेव्हा तर त्यानं साफ सांगितलं होतं, "घरून जमते तं कर. नाई तं सोड."

आता घरूनही जमू नये, एवढीच त्याची इच्छा.

अतुल सर फोनवर सांगायचे, हे बदला, ते तपासा. ती निमूटपणे करायची. नागसेन शेजारी बसून मदतीचं सोंग आणायचा.

मंगळवारी तिनं पासवर्ड टाकला, तर पडद्यावर नवीनच काहीतरी आलं. पासवर्ड चुकीचा! नागसेनचा आनंद गगनात मावेना. बरं झालं, तिकडचं मशीनही त्या अतुलवर उलटलं!

"कंटाळली मी," सत्यशीला म्हणाली. "गाण्यांची पेन ड्राइव्ह एकदाची नेऊन देते नागपूरले. मंग हे कामच सोडते."

"जा ना, खुशाल जा," नागसेन म्हणाला. असं काम सुटत असेल तर तिकीटही तो काढून देणार होता.

बसस्टँडवर त्यानंच तिची बॅग उचलली. "पेन ड्राइव्हसाठी एवढी मोठी बॅग काऊन?"

"थंडी असते न जी तिकडं."

बस गेली. नागसेन शीळ घालत घरी आला, तर पेन ड्राइव्ह टेबलावरच! विसरली बिचारी. आता मात्र त्याला तिची कीव आली. काम तर सुटलंच, मग एवढी गाणी आपणच पाठवावी, फोन करून तिला खूश करावं, म्हणून तो रस्ता मोकळा करायला बसला.

पाहतो तर रस्ता आधीच मोकळा केलेला होता. त्यानं बटण दाबलं, जुनाच पासवर्ड चालला, पहिल्याच दमात जुडलं. नागपूरच्या फोल्डरमध्ये गाणी पोचलेली होती, सारीच्या सारी, सोमवारीच.