हद्दीचे दगड

"इथंही नाही," सुधींद्र म्हणाला आणि लोखंडी सळई त्यानं वाळूतून उपसून काढली.

साडेनऊच वाजले होते, पण वाळू चपलेच्या तळव्यातून भाजत होती. गुम्मिडीपूंडीच्या लोकलनं येऊन, पुढे तासभर चालून दोघं इथवर पोचले होते. डावीकडे कोळ्यांची चाळीस घरं, उजवीकडे लांबवर सरूचं बन, मधे नुसतं रखरखीत वाळवंट. कधीकाळी यातून मिठागरांकडे जाणारा रेल्वेचा फाटा होता. आता त्याचा मागमूस नव्हता.

सुधींद्र चेन्नईत एग्मोरच्या एका विमा कचेरीत नोकरीला होता. सुट्टीच्या दिवशी बंद पडलेले रेल्वेमार्ग हुडकायचे आणि त्यांच्याबद्दल आपल्या संकेतस्थळावर लिहायचं, हा त्याचा छंद. तीन वर्षांपूर्वी त्यानं या फाट्याबद्दल लिहिलं होतं, 'मार्ग थेट कोळीवस्तीतून जात असे.' इथं पाऊल न टाकता लिहिलं होतं. एका जुन्या नकाशावर दोन टोकं होती, ती त्यानं पट्टी ठेवून जोडली होती.

आता एका गोदाम कंपनीनं फाट्याची जमीन भाडेपट्ट्यानं घेतली होती. वस्ती त्याच जमिनीवर आहे, असा तिचा दावा होता. रेल्वेचा मूळ मोजणीचा नकाशा कुणाकडेच उरला नव्हता. कंपनीनं कोर्टात पुरावा म्हणून जोडलं ते सुधींद्रचं पान. त्याच्या नावासकट.

हे कळल्यापासून त्याला झोप नव्हती. जेवताना घास फिरायचा. कचेरीत तोच कागद तो चारचारदा वाचायचा. सुनावणी येत्या गुरुवारी होती.

"मामा, हे रूळ उखडणाऱ्या टोळीत तुम्ही होता ना? मग सांगून टाका, कुठून जात होते ते."

नारायणस्वामी छत्रीच्या सावलीत उभे होते. वय शहात्तर, रेल्वेत रुळांच्या देखभालीवर हयात गेलेली. सुधींद्रसारखेच मूळचे तंजावरचे मराठी, आता अण्णा नगरात मुलीकडे राहत. सुधींद्रनं त्यांना दीड महिन्यापूर्वी शोधून काढलं, पण पाय दुखतोय म्हणून इथं यायचं त्यांनी आजवर पुढे ढकललं होतं.

"पन्नास वर्षं झाली रे. म्हाताऱ्याच्या आठवणीवर कोर्टात शपथ घेणार आहेस? तू शोध. स्वतःच्या डोळ्यांनी बघशील तेवढंच लिही."

त्यांचं म्हणणं सुधींद्रला पटलं. पट्टी ठेवून लिहिण्याची चूक त्याला पुन्हा करायची नव्हती.

तो घरांमधून फिरला. अंगणात, विहिरीजवळ, जाळी वाळत घातली होती तिथंही सळई खुपसली. खडी नाही, दगड नाही. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या नजरा चुकवत तो पुढे सरकत होता. सेल्वी नावाच्या एका बाईनं दोन पेल्यांत मोर, म्हणजे पातळ ताक, आणून दिलं. "मीठवालं तुमचं," ती न विचारताच तमिळमध्ये सुधींद्रला म्हणाली, "हे थाथांचं, आजोबांचं, बिनमिठाचं." सुधींद्रनं उभ्याउभ्याच पेला रिकामा केला आणि तो सरूच्या बनाकडे निघाला.

बनाच्या कडेला सळई ठण्णकन वाजली.

तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागला. हातभर खाली काळा घडीव दगड होता. माथ्यावर कोरलेला बाण आणि झिजलेली इंग्रजी अक्षरं. रेल्वेच्या हद्दीचा दगड! सरळ रेषेत पुढे दुसरा सापडला, मग तिसरा. दुपारपर्यंत सात झाले. मधे गंजलेले खिळे, मूठमूठ खडी.

"तीनशे मीटर, मामा!" तो ओरडला. "वस्तीपासून तीनशे मीटर लांब! मी काय लिहून बसलो होतो!"

"पुन्हा मोज," नारायणस्वामी म्हणाले. "फोटो काढ. ते उलटसुलट विचारतील."

त्यानं पुन्हा मोजलं. परतीच्या लोकलमध्ये मात्र त्याची चुळबुळ सुरू झाली. "आज काहीच सापडलं नसतं तर?"

"सापडलं ना?" म्हणून मामांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

गुरुवारी सुधींद्र वस्तीच्या बाजूनं साक्षीला उभा राहिला. आपलं जुनं लिखाण चुकीचं होतं, हे त्यानं आधी सांगितलं. मग फोटो आणि मापं पुढे ठेवली.

"कुठं खणायचं ते तुम्हाला कोणी सांगितलं?" कंपनीच्या वकिलानं विचारलं.

"कोणीच नाही. मीच शोधलं."

"वस्तीच्या लोकांनी बोट दाखवलं असेल?"

"एकानंही नाही. मी शपथेवर सांगतो."

कोर्टानं मोजणीदार पाठवला. त्यालाही सातही दगड मिळाले. दोन महिन्यांनी निकाल लागला: वस्ती फाट्याच्या जमिनीवर नाही.

पुढच्या रविवारी वस्तीनं दोघांना जेवायला बोलावलं. सेल्वीनं त्यांच्यासाठी वेगळं, बिनमासळीचं सांबार आणि पोरियलची सुकी भाजी केली होती. तिच्या अंगणात, मांडवाखाली केळीची पानं मांडली होती. पोरं आजूबाजूला हुंदडत होती. निकालाच्या रात्री सुधींद्र कित्येक महिन्यांनी गाढ झोपला होता. आज त्यानं तिसऱ्यांदा भात मागितला.

"मामा, एक राहिलंच," तो म्हणाला. "तुमची आठवण काय सांगते, ते तुम्ही शेवटपर्यंत बोलला नाहीत. आता तरी सांगा. रूळ सरूच्या बनातूनच गेले होते ना?"

सेल्वीचा वाढता हात थांबला. तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. नारायणस्वामींनी हातातला घास संपवला, पाणी प्यायलं आणि आवाज खाली आणला.

"नाही, सुधी. तू आत्ता पान मांडून बसलायस ना, बरोबर तिथून."